केबल १ मीटरवरून १० मीटर केली की यूएचएफ रीडरचा पल्ला १२ वरून ५ मीटरवर: एलएनए, पीएलएल की कॅन्सलर?

महापे_मिक्स्डसिग्नल (प्रश्न)

नमस्कार. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झसाठी आरएफआयडी रीडरची (रेडिओ लहरींनी टॅग वाचणारं यंत्र) ट्रान्सीव्हर चिप १८० नॅनोमीटर सीएमओएसमध्ये करतोय. स्पेक गोठवायची वेळ आली आहे, त्याआधी जाणकारांचं मत हवंय.

रचना अशी: अँटेना एकच, पाठवणं आणि ऐकणं तिच्यावरच, मध्ये १० डीबीचा डायरेक्शनल कपलर. पीए (पॉवर अ‍ॅम्प्लिफायर) बाहेरचा, ३० डीबीएम (१ वॅट). रिसिव्हर डायरेक्ट कन्व्हर्जन, म्हणजे मिक्सर सिग्नल थेट बेसबँडला (शून्याजवळच्या वारंवारतेला) उतरवतो. टॅगचं उत्तर २५० किलोहर्ट्झ बीएलएफ (टॅगच्या परावर्तनाची वारंवारता), एफएम-झिरो (बिट लिहिण्याची एक पद्धत). बेसबँडची रुंदी ५०० किलोहर्ट्झ धरली आहे. पीएलएलचा (कॅरियरची वारंवारता बनवणारं सर्किट) फेज नॉइज, म्हणजे फेजची थरथर, २५० किलोहर्ट्झ ऑफसेटला −१२० डीबीसी (कॅरियरच्या तुलनेत डीबी) प्रति हर्ट्झ. अँटेना ६ डीबीआय, सर्क्युलर, रिटर्न लॉस १५ डीबी. टॅग −२० डीबीएमला जागा होणारा.

वापर तुर्भ्याच्या गोदामांच्या दारांवर. रीडर आतल्या पॅनेलमध्ये आणि अँटेना शटरच्या वर, म्हणून १० मीटर लो-लॉस केबल. मॉडेलमध्ये १ मीटर केबलला १२ मीटर पल्ला मिळतो, १० मीटर केबल घातली की ५ मीटर. केबलचं नुकसान एका दिशेला जेमतेम १.३ डीबी आहे, त्यातून एवढी घट निघत नाही. रिसिव्हरच्या तोंडाशी एलएनए (कमी नॉइजचा अ‍ॅम्प्लिफायर) घालावा का? की आपल्याच पाठवलेल्या सिग्नलची रिसिव्हरमध्ये येणारी गळती कापणारा कॅन्सलर चिपवरच घ्यावा?

ऐरोली_आरएफ

एलएनए नको. मॉडेल बरोबर सांगतंय, फक्त नुकसान डीबीत न शोधता नॅनोसेकंदात शोधा.

आधी १ मीटरचा हिशोब. ३० डीबीएम पाठवले, अँटेनावरून १५ डीबी खाली परत आले, कपलरने १० डीबी कापले, म्हणजे चिपच्या तोंडाशी +५ डीबीएम गळती. १२ मीटरवरचा टॅग: जाताना मोकळ्या हवेतलं नुकसान ५२.८ डीबी, अँटेना +६, टॅगची अँटेना +२, सर्क्युलर-लिनियरचे −३. टॅगच्या चिपला साधारण −१८ डीबीएम मिळतात. परावर्तनात ६ डीबी जातात, परतीचा प्रवास तसाच, कपलरचे आणखी १०. हाती −८२ डीबीएम. म्हणजे ८७ डीबी मोठ्या आवाजाशेजारी टॅगचं बोलणं ऐकायचं आहे, आणि तो आवाज आपलाच आहे.

आता नॉइज. −१२० डीबीसी प्रति हर्ट्झ, रुंदीचे ५७ डीबी, गळती +५: बेरीज −५८ डीबीएम. एवढ्याने ५ मीटरचा टॅगसुद्धा (तो −६६ वर येतो) बुडायला हवा. तो बुडत नाही, कारण गळती आणि मिक्सरचा एलओ (लोकल ऑसिलेटर) एकाच पीएलएलमधून निघतात. दोघांचा फेज एकत्र हलतो आणि मिक्सरमध्ये वजा होतो. उरतो तो फक्त उशिरामुळे न जुळलेला भाग: ४ साइन वर्ग (पाय × ऑफसेट × उशीर). लो-लॉस केबलमध्ये लहर प्रकाशाच्या ८५ टक्के वेगाने जाते, म्हणून १ मीटरच्या जाण्या-येण्याला सुमारे ८ नॅनोसेकंद आणि २५० किलोहर्ट्झला ३८ डीबी सूट. −५८ चे −९६ होतात. १० मीटरला उशीर ८० नॅनोसेकंद, सूट १८ डीबीच. केबलमुळे गळतीही थोडी घटून +२.४ होते, तरी नॉइज −७८.६ वर जाऊन बसतो. ५ मीटरचा टॅग आता −६८.७, सिग्नल आणि नॉइजमध्ये १० डीबी. तुमचे ५ मीटर आले ते इथून.

एलएनए का नको तेही यातच आहे. ५०० किलोहर्ट्झमधला थर्मल नॉइज −११७ डीबीएम. नॉइज फिगर २० डीबी असली तरी −९७. छोट्या केबलला तो फेज नॉइजच्या बरोबरीत, लांब केबलला १८ डीबी खाली. एलएनए घालून नॉइज फिगर ५ वर आणली तर लांब केबलला मोजण्याइतका फायदा नाही, आणि +५ डीबीएमने तो एलएनए मात्र चेपून जाईल. पॅसिव्ह मिक्सर थेट चिपच्या इनपुट पॅडवर घ्या, एलओ २५ टक्के ड्युटीचा. एलएनए ठेवायचाच तर कॅरियर बंद असताना चॅनल रिकामा आहे का ते ऐकण्यापुरता, वळसा घालून जाणारा.

मिक्सरचा वन-डीबी कॉम्प्रेशन (जिथे तो १ डीबीने चेपतो ती पातळी) किमान +१५ डीबीएम मागा. कारण अँटेनासमोर लोखंडी शटर किंवा कंटेनर आला की रिटर्न लॉस १५ चा ६ होतो. मग गळती +१४ डीबीएम, ५० ओममध्ये १.५८ व्होल्ट पीक. १.८ व्होल्टचे ट्रान्झिस्टर वापरलेत तर स्विचचे बॉडी डायोड चालू होतील आणि रिसिव्हर तिथेच गार. जाड ऑक्साइडचे ३.३ व्होल्टचे घ्या, बायस मधोमध १.६५ वर, जेमतेम मावतं.

उपाय म्हणाल तर पहिला विनाखर्चाचा: रीडर अँटेनापाशी न्या, इथरनेटवरूनच वीज द्या, लांब करायची तर इथरनेटची तार लांब करा. ते जमत नसेल तर अँटेनाचा रिटर्न लॉस १५ वरून २० केला की सरळ ५ डीबी, आणि पीएलएल −१३० केला की १०. परतीचा सिग्नल अंतराच्या चौथ्या घाताने पडतो, त्यामुळे हे १५ डीबी मिळाल्यावर थर्मल धरूनही पल्ला साडेदहा-अकरा मीटरपर्यंत जातो.

−१३० साठी व्हीसीओ (पीएलएलमधला ऑसिलेटर) ३.४६ गिगाहर्ट्झचा एलसी घ्या आणि ४ ने भागा. भागाकारात १२ डीबी मिळतात, म्हणजे व्हीसीओला २५० किलोहर्ट्झवर −११८ पुरे. त्याला अंदाजे २० मिलिवॅट लागतील, भिंतीच्या विजेवर चालणाऱ्या रीडरला ते परवडतात. दुप्पट वारंवारतेचा व्हीसीओ मात्र टाळा. पीएचा दुसरा हार्मोनिक थेट त्याच्यावर बसतो आणि कमांडच्या प्रत्येक बिटला व्हीसीओ खेचला जातो.

घोडबंदर_अ‍ॅनालॉग

ऐरोलीकरांच्या हिशोबाशी सहमत. कॅन्सलरचा मुद्दा मात्र राहून गेला, आणि तिथे गैरसमज फार आहे.

कॅन्सलर म्हणजे पाठवलेल्या सिग्नलचा नमुना घेऊन, व्हेक्टर मॉड्युलेटरने त्याची उंची आणि फेज वळवून गळतीत उलटा मिसळणं. कॅरियर ३०-४० डीबी खाली जातो, मिक्सरवरचा ताण जातो, डीसी ऑफसेट जातो. लोक धरून चालतात की फेज नॉइजही तेवढाच खाली जाईल. जात नाही. गळती ८० नॅनोसेकंद उशिरा आलेली आहे, नमुना २-३ नॅनोसेकंदांचा. कॅरियर एकमेकांना मारतात, पण दोघांचा फेज नॉइज ८० नॅनोसेकंदांच्या अंतराचा असल्यामुळे फरक शिल्लक राहतो, आणि तो फरक मिक्सरमध्ये आधीच राहत होता तेवढाच असतो. कॅन्सलरच्या रस्त्यालाही ८० नॅनोसेकंद उशीर दिला तरच फायदा. चिपवर ते होणार नाही.

मग कॅन्सलर कशासाठी? एएम नॉइजसाठी. मिक्सर फेज नॉइज वजा करतो, उंचीतला नॉइज करत नाही. पीएचा एएम नॉइज आणि पुरवठ्याची लहर गळतीवर बसून सरळ बेसबँडमध्ये येतात. कॅन्सलरमध्ये मात्र दोन्ही रस्त्यांवर तोच एएम असतो, म्हणून तो कॅरियरबरोबर कापला जातो.

याचं जवळून उदाहरण बघा. पीएला ५ व्होल्ट देणारा बक कन्व्हर्टर (स्विचिंग वीजपुरवठा) ३०० किलोहर्ट्झचा, त्याची लहर फक्त ५ मिलिव्होल्ट पीक. संपृक्त पीएमध्ये उंची पुरवठ्याबरोबर चालते, म्हणजे मॉड्युलेशन ०.००१, प्रत्येक साइडबँड −६६ डीबीसी. +५ डीबीएम गळतीवर तो −६१ डीबीएम होतो, म्हणजे ५ मीटरच्या टॅगपेक्षा ५ डीबी वर आणि बीएलएफच्या शेजारीच. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर पाठवलेला सिग्नल स्वच्छ दिसतो, मास्कमध्ये बसतो, आणि रीडर बहिरा असतो. बक २ मेगाहर्ट्झच्या वरचा घ्या म्हणजे लहर बेसबँड फिल्टरच्या बाहेर जाईल, आणि ड्रायव्हर, व्हीसीओ, एलओ बफर यांना वेगवेगळे एलडीओ (लिनियर रेग्युलेटर) द्या. एलडीओची पीएसआरआर (पुरवठ्याची लहर दाबण्याची क्षमता) डेटाशीटच्या पहिल्या पानावर १ किलोहर्ट्झची छापतात. तुम्हाला ३०० किलोहर्ट्झची हवी, ती आतल्या आलेखात पाहा.

माझं मत: कॅन्सलर घ्या, पण पॅसिव्ह. अ‍ॅक्टिव्ह व्हेक्टर मॉड्युलेटर +५ डीबीएम देताना स्वतःचा नॉइज आत ओततो आणि कापलेलं सगळं परत भरून टाकतो. कपलरच्या चौथ्या पोर्टला डिजिटल ट्यून होणाऱ्या कपॅसिटरांचं जाळं लावून तिथलं परावर्तन गळतीच्या उलट करणं स्वस्त आणि शांत पडतं. ट्यूनिंगला वेगळा डिटेक्टर लागत नाही; मिक्सरच्या आय आणि क्यू (९० अंशांनी वेगळ्या दोन शाखा) यांचा डीसी हीच उरलेल्या गळतीची मोजणी.

पिनआउटचं आत्ताच ठरवा. ड्रायव्हर आउटपुट आणि मिक्सर इनपुट क्यूएफएन पॅकेजच्या समोरासमोरच्या बाजूंना, मध्ये ग्राउंड पिना, आणि रिसिव्हरच्या ग्राउंडचे बाँडवायर वेगळे खाली उतरवा. शेजारच्या दोन बाँडवायरमधली गळती कॅन्सलरच्या हिशोबात धरलेली नसते.

महापे_मिक्स्डसिग्नल

दोघांचे आभार, चित्र पुष्कळ स्वच्छ झालं. दोन उपप्रश्न. बीएलएफ २५० वरून ६४० किलोहर्ट्झवर नेला तर तिथे फेज नॉइज कमी असतो, त्याने लांब केबलला मदत होईल का? आणि कॅन्सलर पूर्ण जुळेपर्यंत डीसी ऑफसेट अर्धा व्होल्ट असेल, तो कसा हाताळायचा? एसी कपलिंग करून पाहिलं तर उत्तराचे सुरुवातीचेच बिट जातात.

कोपरखैरणे_बेसबँड

बीएलएफ वाढवून मदत होणार नाही. पीएलएलच्या लूपबाहेर फेज नॉइज दशकाला २० डीबी पडतो आणि उशिराची सूट दशकाला तेवढीच घटते. गुणाकार सपाट. लूपच्या आत तर कमी बीएलएफच बरा. शिवाय ६४० ला रुंदी वाढते, ती उलट नॉइज वाढवते. खरा फायदा मिलर कोडिंगमध्ये आहे: २५० किलोहर्ट्झवर मिलर-४ केला की डेटा ६२.५ किलोबिटवर येतो, लागणारी रुंदी चतुर्थांश, ६ डीबी हातात. दारातून फोर्कलिफ्टवर एक पॅलेट जातं, तिथे सेकंदाला शेकडो टॅग वाचायची घाई नसते. एफएम-झिरो टेबलावरच्या जलद मोजणीला ठेवा.

डीसीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. कमांड संपल्यापासून टॅग टी-१ एवढा थांबतो. टी-१ म्हणजे आरटीकॅल (रीडरच्या ० आणि १ यांच्या लांबीची बेरीज) किंवा बीएलएफचे १० आवर्त, यांतलं जे मोठं ते. टारी (रीडरच्या शून्याची लांबी) २५ मायक्रोसेकंद आणि आरटीकॅल ६२.५ असेल तर टी-१ ६२.५, आणि टॉलरन्स धरता टॅग ५४ व्या मायक्रोसेकंदालाही बोलू शकतो. १० किलोहर्ट्झच्या एसी कपलिंगचा टाइम कॉन्स्टंट १६ मायक्रोसेकंद. अर्ध्या व्होल्टवरून टॅगच्या पातळीखाली, म्हणजे ५ मायक्रोव्होल्टपर्यंत, उतरायला साडेअकरा टाइम कॉन्स्टंट लागतात: १८० मायक्रोसेकंदांच्या वर. तोवर टॅगचं उत्तर केव्हाच सुरू झालेलं असतं. तुमचे बिट जातात ते यामुळे.

म्हणून हायपास दोन वेगांचा करा. कमांड पाठवताना आणि टी-१ च्या पहिल्या भागात कोपरा २०० किलोहर्ट्झ. टाइम कॉन्स्टंट ०.८ मायक्रोसेकंद, कमांडची शेवटची कडा गेल्यावर १० मायक्रोसेकंदांत सगळं खाली. मग ४० व्या मायक्रोसेकंदाच्या आत स्विच उघडून कोपरा २० किलोहर्ट्झवर सोडा. स्विच उघडताना चार्ज सांडतो, तोच नवा ऑफसेट होतो. रचना डिफरन्शियल ठेवा, कपॅसिटर मोठा घ्या, आणि स्विचचे गेट एकदम न पाडता २-३ मायक्रोसेकंदांत उतरवा. ४० किलोहर्ट्झ बीएलएफला आधार द्यायचा असेल तर सावकाश कोपरा ४-५ किलोहर्ट्झपर्यंत खाली जाईल असा प्रोग्रॅमेबल हवा. क्वेरीत (टॅगला बोलवणारी कमांड) टीआरएक्स्ट हा बिट १ ठेवलात तर एफएम-झिरोमध्ये प्रीअँबलआधी १२ शून्यांचा पायलट येतो, तेवढी जास्तीची उसंत.

एक अडचण बऱ्याच जणांना उशिरा दिसते, म्हणून सांगून ठेवतो. टीआरकॅल (६४/३ सारखा ठरलेला आकडा याने भागून टॅग बीएलएफ काढतो) हा आरटीकॅलच्या १.१ ते ३ पटीत असावा लागतो. टारी २५, आरटीकॅल ६२.५ म्हणजे टीआरकॅल किमान ६८.७५ मायक्रोसेकंद. ६४/३ च्या भागाकाराने ३२० किलोहर्ट्झला ६६.७ लागतो. बसत नाही! त्या टारीला कमाल ३१० किलोहर्ट्झ. ३२० च हवा असेल तर टारी २० करा. रजिस्टरमध्ये दोन्ही आकडे स्वतंत्र लिहू दिले तर वापरणारा नेमकी ही जोडी टाकतो, काही टॅग उत्तर देतात, काही गप्प, आणि दोष आरएफवर येतो. हे बंधन हार्डवेअरमध्येच तपासा.

आय आणि क्यू दोन्ही डिकोडरपर्यंत न्या. ८६६ मेगाहर्ट्झला लहर ३४.६ सेंटिमीटरची; टॅग ४.३ सेंटिमीटर सरकला की सिग्नल एका शाखेतून पूर्ण दुसरीत जातो. आणि टॅगचा ऑसिलेटर घड्याळासारखा नसतो. टॅगच्या मानकात (ईपीसी जेन-२) काही सेटिंगना बीएलएफची सूट ±२२ टक्क्यांपर्यंत आहे, म्हणून ठरलेल्या वारंवारतेच्या एकाच कोरिलेटरने भागत नाही. प्रीअँबलवर ५-७ कोरिलेटरांची रांग लावा, जिंकेल त्यावरून टायमिंग लूप सुरू करा.

वागळे_टेस्टबेंच

डिझाइनवर सगळ्यांनी नीट लिहिलंय, मी मोजणीचं लिहितो. चिप आल्यावर पहिल्या दिवशी अँटेना आणि खरा टॅग घेऊन बसू नका. हवेत रिटर्न लॉस, टॅगची दिशा, खोलीतले परावर्तन सगळं एकदम हलतं आणि काय मोजलं ते कळत नाही.

रीडरच्या पोर्टला हवी तेवढी केबल, तिच्या टोकाला पॅड (ठराविक डीबी कापणारा अटेन्युएटर) आणि पॅडमागे शॉर्ट. ७.५ डीबीचा पॅड म्हणजे १५ डीबी रिटर्न लॉस, ५ चा म्हणजे १०, ३ चा म्हणजे ६. पॅड किमान २ वॅटचा घ्या. अर्ध्या वॅटचा १ वॅटखाली तापतो आणि त्याचं अटेन्युएशन सरकत राहतं. शॉर्टच्या आधी लहान-मोठे एसएमए अ‍ॅडॉप्टर घालून गळतीचा फेज फिरवा, कारण एखाद्या फेजला एएम नॉइज सगळा आयमध्ये जातो, दुसऱ्याला क्यूमध्ये. एकाच फेजला मोजलेली संवेदनशीलता फसवी असते, निदान आठ जागा घ्या.

टॅगच्या जागी आरएफ स्विच: एका थ्रोला ओपन, दुसऱ्याला शॉर्ट, कंट्रोलवर एफएम-झिरो किंवा मिलरचा पॅटर्न. पॅडच्या बाजूलाच १० डीबीचा दुसरा कपलर, त्यातून स्टेप अटेन्युएटर, मग स्विच. कपलर दोनदा लागतो, अटेन्युएटरही दोनदा, म्हणून १ डीबी वाढवलं की परत येणारा सिग्नल २ डीबी पडतो. स्विचचं चौकोनी टॉगल प्रत्येक साइडबँडला आणखी ४ डीबी कमी देतं. केबल सोडून हिशोब केला तर ३९ डीबीवर रीडरच्या पोर्टला −७२ डीबीएम मिळतात, म्हणजे वरच्या बजेटमधला १२ मीटरचा टॅग. १० टक्के पॅकेट चुकतात ती पातळी लिहून ठेवा आणि १ मीटर व १० मीटर केबलचे आकडे शेजारी मांडा. दोघांत १७ डीबीच्या आसपास फरक आला तर ऐरोलीकरांचं गणित सिलिकॉनवर उतरलं. फरक लहान आणि दोन्हीकडे संवेदनशीलता खराब असेल तर एएमचा माग काढा: बक काढून पीएला बेंच सप्लाय किंवा बॅटरी लावा.

कॅन्सलरची मोजणी स्थिर शॉर्टवर संपवू नका. ताशी ४० किलोमीटरने येणारा ट्रक दर १५.६ मिलिसेकंदांनी अर्धी लहर सरकतो, म्हणजे त्याच्याकडून येणाऱ्या परावर्तनाचा फेज पूर्ण फिरतो. दारातला फोर्कलिफ्ट सावकाश, टोलनाक्यावरची लेन नाही. प्रत्येक क्वेरीआधीच्या साध्या कॅरियरमध्ये एकदा ट्यून करायला हवं, आणि ते शे-दोनशे मायक्रोसेकंदांत उरकायला हवं. आधीच्या उत्तरापासून चार दिशांना एकेक पाऊल टाकून बघणं पुरतं, सगळं जाळं पुन्हा चाळायची गरज नाही.

आपल्याकडचा पावसाळा धरा. शटरवरची अँटेना भिजते, रेडोमवर पाण्याचा पापुद्रा बसतो, ट्यूनिंग खाली सरकतं आणि रिटर्न लॉस एक आकडी होतो. रेडोम आणि पॅचमध्ये हवेची फट ठेवा आणि समोरचा पृष्ठभाग थोडा खाली झुकवा म्हणजे पाणी थांबणार नाही. चाचणीला झारीने पाणी मारून नेटवर्क अ‍ॅनालायझरवर आलेख बघा. ३ डीबीचा पॅड (६ डीबी रिटर्न लॉस) चाचणीत आहे तो यासाठीच.

परवान्याचं थोडक्यात. २००५ च्या अधिसूचनेने ८६५–८६७ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाला: ट्रान्समीटर १ वॅट, ४ वॅट ईआरपी (अँटेनाचा गेन धरून प्रभावी शक्ती, डायपोलच्या तुलनेत), २०० किलोहर्ट्झ कॅरियर रुंदी. २०२१ च्या नियमांनी पट्टा ८६८ पर्यंत वाढला. ४ वॅट ईआरपी म्हणजे ३८.१७ डीबीएम ईआयआरपी (तीच शक्ती, सर्व दिशांना सारखं पसरवणाऱ्या अँटेनाच्या तुलनेत), म्हणजे ३० डीबीएमवर साधारण ८ डीबीआय अँटेना. केबलचं नुकसान भरून काढायला पीए ३१.३ वर चढवू नका, १ वॅटची मर्यादा ट्रान्समीटरवर आहे. अँटेना ६ ऐवजी ८ डीबीआय घ्या, जाताना २ आणि येताना २ मिळतात. २०० किलोहर्ट्झमध्ये बसायला पीआर-एएसके (फेज उलटवणारं मॉड्युलेशन) आणि टारी २० ते २५, कडा रेझ्ड-कोसाइनने गुळगुळीत केलेल्या. विक्रीआधी डब्ल्यूपीसीचं (दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा) ईटीए, म्हणजे उपकरणाची मान्यता, लागतं.

आणि ८६९ मेगाहर्ट्झपासून मोबाइल टॉवरचा डाउनलिंक सुरू होतो. शेजारच्या छतावर टॉवर असेल तर −२० डीबीएम सहज येतात. +१५ झेलणाऱ्या मिक्सरला ते काहीच नाहीत, पण बेसबँड फिल्टर तिसऱ्या ऑर्डरपेक्षा कमी ठेवू नका.

महापे_मिक्स्डसिग्नल

मग स्पेक असा धरतो: पॅसिव्ह मिक्सर +१५ डीबीएम, ३.४६ गिगाहर्ट्झ व्हीसीओ भागिले ४, −१३० डीबीसी प्रति हर्ट्झ, ट्यून होणारं जाळं चिपबाहेर आणि त्याचा कंट्रोल चिपवर, हायपास दोन वेगांचा, दारांसाठी मूळ सेटिंग मिलर-४. अँटेना बनवणाऱ्यांकडे २० डीबी रिटर्न लॉस आणि ८ डीबीआय मागतो. एकच शंका: जाळ्याचा कंट्रोल एसपीआयवर (सिरीयल बस) दिला तर चालेल ना?

घोडबंदर_अ‍ॅनालॉग

एसपीआय चालेल, फक्त टॅग बोलत असताना त्याचं क्लॉक पूर्ण थांबलेलं असू द्या. टी-१ सुरू व्हायच्या आधी शेवटचा शब्द लिहून झाला पाहिजे. आणि जाळ्याची पायरी बारीक ठेवा: गळती ४० डीबीपर्यंत कापायची तर उंचीतली चूक १ टक्का आणि फेजमधली ०.६ अंश यांच्या आत हवी, पाच बिटांचे दोन कपॅसिटर त्याला पुरत नाहीत. दोन टप्प्यांचं जाळं करा, पुढचा जाडा, मागचा रेझिस्टरने दबवलेला बारीक.